माशीचें सोंग

मनुष्यानें पहिली कृत्रिम माशी कां केली, याचें कारण ईलियन नांवाच्या एका रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीस होऊन गेलेल्या या गृहस्थानें प्राण्यांच्या स्वभावाविषयीं ग्रीक भाषेंत एक मोठा ग्रंथ रचला. त्यांत मॅसिडोनियांतील आस्ट्रिअस नदीवरील कोळ्यांची हकीकत आहे. त्या नदीवर एका विशिष्ट जातीची माशी घोंगावत असे आणि पाण्यांतील ठिपकेदार मासे तिच्यावर तुटून पडत. परंतु ती माशी धरून गळास लावण्याची सोय नव्हती. कारण मनुष्याचा हात लागतांच तिचा रंग उडे, पंख चुरगळत, आणि मग मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. तेव्हां त्या कोळ्यांनीं गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळली, तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधलीं, आणि तें सोंग पाण्यावर सोडून दिलें. मासा फसला. खरी वस्तु हातांत टिकत नाहीं म्हणून तिची नक्कल जन्मास आली, असा या कलेचा प्रारंभ आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासळीचा वाराही नाहीं, हें आम्ही जाणतों. त्यांनींही पुढें वाचण्यास हरकत नाहीं. कारण या कलेंत मासा हा बहुतांशीं निमित्तमात्र झाला आहे. आज पाश्चात्य देशांत या पद्धतीनें मासे धरणारे पुष्कळ लोक धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडून देतात. (ओंठांत कांटा रुतून निघालेल्या माशास या दयेचें कितपत कौतुक वाटत असेल, हा प्रश्न निराळा.) आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच एका गोष्टीनें. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा कीटक; त्याची पिसें, केंस आणि रेशीम यांनीं हुबेहूब प्रतिमा करावयाची; आणि ती खरी ठरली कीं खोटी, याचा निवाडा करणार एक मासा! सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें आणतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु सोंग साधलें असें केव्हां म्हणावयाचें? करणाऱ्याच्या डोळ्यांस पटलें म्हणजे, कीं पाहणाऱ्याच्या? या एका प्रश्नावरून इंग्लंडांतील शहाण्यासुरत्या माणसांचीं मनें दोन पिढ्या कलुषित झालीं होतीं.

प्रथम मूळ कीटकाची ओळख करून घेतली पाहिजे. इंग्लंडच्या दक्षिण भागांत खडूच्या टेकड्या आहेत. त्यांवर पडलेलें पावसाचें पाणी आंत मुरतें आणि झऱ्यांवाटे थोडथोडें बाहेर येत राहतें; म्हणून टेस्ट, इचेन यांसारख्या तेथील नद्यांचें पाणी निवळशंख असतें आणि त्याचें उष्णमानही ऋतूंप्रमाणें फारसें बदलत नाहीं. अशा पाण्यांत ट्राउट नांवाचा मासा राहतो, आणि त्याच्या अन्नांतील एक मोठा भाग म्हणजे ज्यांस इंग्रजींत मे-फ्लाय म्हणतात ते कीटक व त्यांचे भाऊबंद. या कीटकाचें आयुष्य मोठें विलक्षण आहे. अंड्यांतून निघालेलें बालरूप, ज्याला तिकडे निम्फ म्हणतात, तें नदीच्या तळाशीं गाळांत, दगडांखालीं किंवा शेवाळांत राहून वाढतें. मोठ्या मे-फ्लायच्या बाबतींत हा काळ बहुधा दोन वर्षांचा असतो. मग एके दिवशीं तें पोहत पृष्ठभागाशीं येतें, पाठीवर उकलतें, आणि त्या कातीतून पंख असलेला कीटक बाहेर पडून क्षणभर पाण्यावर उभा राहतो. याचें नांव डन. त्याचे पंख धुरकट असतात. तो उडून झाडाझुडपांत जातो आणि तेथें पुन्हां एकदां कात टाकतो. पंख फुटल्यावर पुन्हां कात टाकणारा असा दुसरा कीटकवर्ग आज पृथ्वीवर नाहीं. या शेवटच्या रूपास स्पिनर म्हणतात. त्याचे पंख कांचेसारखे लखलखीत असतात. परंतु त्याला उपयोगाचें तोंडच नसतें. खाणें नाहीं, केवळ मीलन, पाण्यावर अंडीं घालणें आणि मरण. हा सारा व्यवहार एक-दोन दिवसांत, कित्येक जातींत तर कांहीं घटकांतच आटोपतो. निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या आजीबाईंसही इतकें कडक व्रत साधावयाचें नाहीं.

एखाद्या संध्याकाळीं एकाच जातीचे हजारों कीटक एकदम पाण्यावर निघूं लागले, म्हणजे ट्राउट तेवढ्याच जातीवर लक्ष ठेवून बसतो आणि शेजारून वाहत जाणाऱ्या दुसऱ्या कशासही शिवत नाहीं. त्यामुळें नक्कल करणाऱ्यास 'कोणती तरी माशी' करून भागत नाहीं. ती अमुकच जातीची, अमुकच अवस्थेंतील असावी लागते.

१४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापलेल्या एका इंग्रजी निबंधांत महिनेवार बारा माशा बांधण्याची कृति दिली आहे. तो निबंध ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका जोगिणीनें लिहिला असें परंपरा सांगते; त्यास भक्कम पुरावा मात्र नाहीं. परंतु कीटक आणि त्याची नक्कल यांस शेजारीं शेजारीं बसवून शास्त्रीय पद्धतीनें पाहणारा पहिला पुरुष म्हणजे आल्फ्रेड रोनाल्ड्‌स. हा स्टॅफर्डशायरमध्यें ब्लाइथ नदीच्या कांठीं मासे धरीत असे. त्यानें पाण्यावर डोकावणारी एक लहानशी झोपडी बांधली आणि तिच्या खिडकींतून माशांस कळूं न देतां तो त्यांचें निरीक्षण करीत बसे. माशांस ऐकूं येतें काय, हें पाहण्यासाठीं त्यानें मित्राकडून झोपडीमागें बंदूक उडवून घेतली. मासे जागचे हालले नाहींत. त्यांस चव कळते काय, हें पाहण्यासाठीं घरांतल्या मेलेल्या माशांवर लाल मिरचीची पूड व मोहरी चोपडून त्या पाण्यांत सोडल्या. माशांनीं त्याही मटकावल्या. १८३६ सालीं त्यानें आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील चित्रांचे ताम्रपट त्यानें स्वतः कोरले, आणि प्रत्येक खऱ्या कीटकाच्या चित्रासमवेत त्याच्या नकलेचेंही चित्र दिलें. पुढें तो ऑस्ट्रेलियांत गेला व तेथेंच १८६० मध्यें वारला.

माशास वरचें जग कसें दिसतें, याचा विचारही रोनाल्ड्‌सनें आकृति काढून केला होता. हा मुद्दा पुढील सर्व वादाचें मूळ आहे, म्हणून थोडें थांबून समजून घेऊं. पाण्यांत बुडालेल्या डोळ्यास वरचें सारें आकाश एका गोल झरोक्यांतून दिसतें. कारण प्रकाशकिरण हवेंतून पाण्यांत शिरतांना वांकतात. मासा एक फूट खोल असेल तर तो झरोका सुमारें सवादोन फूट रुंद असतो. झरोक्याबाहेरचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो. त्यांत नदीचा तळच उमटलेला असतो. आतां एखादा डन पाण्यावर पाय टेकून वाहत येत आहे अशी कल्पना करा. तो झरोक्याबाहेर आहे तोंपर्यंत माशास त्याचें शरीर दिसत नाहीं. सहा पायांनीं पाण्याच्या पडद्यास जे खळगे पडतात, त्यांच्या जागीं आरशावर प्रकाशाचे ठिपके मात्र चमकतात. तो जवळ आला म्हणजे झरोक्याच्या कडेवर प्रथम त्याचे पंख उगवतात, आणि मग अंग, तेंही आकाशाच्या उजेडासमोर, खालून पाहिलेलें. म्हणजे आपण ज्या कीटकास तळहातावर घेऊन वरून पाहतों, तो कीटक माशानें कधींच पाहिलेला नसतो!

ही नक्कल करतात तरी कशी? मेजाच्या कडेस एक लहानसा चिमटा घट्ट बसवितात व त्यांत गळ पकडतात. रेशमाचा दोरा मेणांतून ओढून घेतात; मेणानें तो निसटत नाहीं. प्रथम शेंपटीचे दोन-तीन ताठ तंतु गळाच्या मागच्या टोंकास बांधावयाचे. मग अंग. सशाच्या कानावरची किंवा चिचुंदरीसारख्या जमिनींत बिळें करणाऱ्या मोल नांवाच्या प्राण्याची लव दोऱ्यावर चिमटीनें वळवून, तो लवदार दोरा गळावर गुंडाळला म्हणजे ओलसर, धूसर अंग तयार होतें. परंतु वळेंवळें असलेलें पोट दाखवावयाचें असेल तर त्यास मोरपिसाइतकें सुरेख द्रव्य नाहीं. मोरपिसाच्या डोळ्याजवळचा एक तंतु घेऊन त्यावरची लव नखानें खरडून काढली, म्हणजे खालीं बारीकशी चपटी काडी उरते. तिची एक कड गडद व दुसरी फिकट असते. ती गळावर गुंडाळीत नेली कीं गडद-फिकट असे पट्टे आपोआप एकामागून एक पडत जातात, आणि पाहणाऱ्यास हें कीटकाचें पोट नव्हे असें म्हणवत नाहीं. ज्या घरांत मुलें पुस्तकांत मोरपीस जपून ठेवतात, त्या घरांतील कोणासही हा प्रयोग पांच मिनिटांत करून पाहतां येईल. शेवटीं कोंबड्याच्या मानेवरचें एक अरुंद, ताठ पीस गळाभोंवतीं उभें गुंडाळतात. त्याचे तंतु चोहोंकडे पसरतात, त्यांच्या टोंकांवर माशी पाण्यावर उभी राहते, आणि तेच तिचे पायही होतात. दोऱ्याच्या चार-पांच फांसांनीं डोकें बांधून टाकलें कीं काम संपलें. हात बसलेल्या माणसास यास दहा-पंधरा मिनिटें पुरतात.

या कामास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हाल्फर्ड या इंग्रज गृहस्थानें जवळजवळ धर्मशास्त्राचें रूप दिलें. १८८६ सालीं त्यानें तरंगत्या माशा बांधण्याविषयींचें पुस्तक लिहिलें. जॉर्ज मॅरिएट हा त्याचा या कामांतील गुरुबंधु. दोघे मिळून नदीवर कीटक गोळा करीत, त्यांचे रंग ताडून पाहत, पिसें रंगवीत. १९१० मध्यें हाल्फर्डनें आपल्या साऱ्या अनुभवाचें सार म्हणून ३३ माशांची यादी प्रसिद्ध केली आणि रंगांच्या छटा जुळविण्यासाठीं रंगपटही जोडले. नर निराळा, मादी निराळी, डन निराळा, स्पिनर निराळा. त्याचा नियम असा कीं, मासा पृष्ठभागावर कीटक खातांना दिसला तरच, आणि त्या वेळीं पाण्यावर असलेल्या कीटकाचीच नक्कल, कोरडी, तरंगती अशी, त्याच्यासमोर सोडावयाची. पाण्याखालीं माशी बुडविणें त्याच्या शिष्यांच्या दृष्टीनें हळूहळू सोंवळ्यांत न बसणारें कृत्य होऊं लागलें. हाल्फर्डच्या परिश्रमाबद्दल आम्हांस आदर वाटतो. परंतु त्याचे रंगपट मनुष्याच्या डोळ्यासाठीं, दिवाणखान्याच्या उजेडांत जुळविलेले होते, हें विसरतां येत नाहीं.

त्याच १९१० सालीं जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलानें एक लहानसें पुस्तक काढून या शास्त्रास छेद दिला. वकिलाची संवय त्यास उपयोगी पडली: साक्षीदारास विचारल्यावांचून निकाल द्यावयाचा नाहीं. धरलेल्या माशाच्या पोटांतील अन्न लहानशा पळीनें बाहेर काढून पांढऱ्या बशींत पाणी घालून तें पसरावयाचें आणि काय काय तरंगतें तें मोजीत बसावयाचें, अशी त्याची रीत होती. (ही बशी घरांतील इतर बशांत मिसळत नसावी, अशी आशा आहे.) त्या बशींत त्यास पुनःपुन्हां पंख फुटलेल्या कीटकांपेक्षां निम्फच अधिक सांपडले. मासा पृष्ठभागावर बुडबुडा काढतो तेव्हां तो वरची माशी खात असतो असें लोक समजत; वस्तुतः पुष्कळदां तो पृष्ठभागाच्या किंचित् खालीं, बाहेर पडूं पाहणाऱ्या निम्फांवर ताव मारीत असतो. म्हणून स्क्यूज निम्फच्या नकला करून त्या बुडवूं लागला. त्या आंखूड आणि अगदीं साध्या असत.

वाद चिघळत गेला. फेब्रुवारी १९३८ मध्यें लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत या प्रश्नावर सभा भरली. स्क्यूज तेव्हां ऐंशीच्या घरांत आला होता. विंचेस्टरजवळच्या इचेन नदीच्या एका पट्ट्यावर तो १८८३ पासून मासे धरीत आला होता. तेथील सहकाऱ्यांनींही त्याच्या निम्फांस हरकत घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें तें पाणी सोडलें. पंचावन्न वर्षांचा सहवास केवळ इंचभर खोलीच्या वादावरून तुटावा, हें हास्यास्पद वाटतें. परंतु आपल्याकडे पंचांगाच्या वादांत शेजारीं शेजारीं राहणाऱ्या घरांनीं निरनिराळ्या दिवशीं सण केले आहेत, हें आठवलें म्हणजे हंसूं आवरतें. पुढच्याच वर्षीं स्क्यूजनें निम्फविषयींचें आपलें स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें.

दरम्यान आणखी एका माणसानें निराळ्याच बाजूनें हात घातला. जे. डब्ल्यू. डन हें नांव कालविषयक प्रयोगांच्या १९२७ मधील पुस्तकामुळें आमच्या कांहीं वाचकांस परिचित असेल. तो विमानें रचणाराही होता. त्याच्या असें लक्षांत आलें कीं कीटकाचें अंग उजेडासमोर धरलें असतां अर्धवट पारदर्शक दिसतें, आणि रेशमाची गुंडाळी मात्र आंतील काळ्या गळामुळें ठक्क काळोखी होते. म्हणून त्यानें गळ पांढरा रंगविला, त्यावर कृत्रिम रेशीम गुंडाळलें आणि तेल लाविलें; तेलानें तें रेशीम भिजतांच आरपार झाल्यासारखें दिसूं लागलें. १९२४ सालीं त्यानें ही कृति पुस्तकरूपानें मांडली. रंग तोच, परंतु तो खालून पाहणाऱ्याच्या बाजूनें विचारांत घेतलेला. हाल्फर्ड व डन यांत अंतर काय तें हेंच.

आणि मग आला फ्रँक सॉयर. हा पुस्तकी पंडित नव्हे; विल्टशायरमधील एव्हन नदीवर नेदरएव्हन येथें नदीरक्षकाचें काम करणारा गृहस्थ. दिवसभर पाण्यांत व पाण्याकांठीं असल्यामुळें त्यास एक गोष्ट दिसली ती वकिलासही दिसली नव्हती: निम्फ पोहूं लागला म्हणजे पाय अंगाशीं दुमडून घेतो. मग नकलेस पाय हवेत कशाला? त्यानें पाय काढून टाकले. रेशमाऐवजीं तांबडसर तांब्याची केंसासारखी बारीक तार घेतली; त्यामुळें बांधणीही होई आणि वजनही येई. फेझंट पक्ष्याच्या शेंपटींतील चार तंतु त्या तारेबरोबर पिळून गुंडाळले. तेच शेंपूट, तेंच अंग, तीच पाठीवरची मिटलेल्या पंखांची फुगवटी. दोन द्रव्यें, बस्स. १९५८ मध्यें पुस्तकांत वर्णिलेली ही माशी आज जगभर वापरतात. तिला मेजावर ठेवून एखाद्या पाहुण्यास दाखवा. तो तिला गंजलेल्या तारेचा तुकडा म्हणेल.

येथें ज्यांस आज 'हुबेहूब' नकला म्हणतात, त्यांकडे वळलें पाहिजे. गेल्या अर्धशतकांत युरोप-अमेरिकेंतील कारागिरांनीं या कामांत कमाल केली आहे. फेझंटच्या शेंपटीच्या तंतूस बारीक गांठ मारून कीटकाच्या पायाचा गुडघा करतात. नायलॉनच्या दोऱ्याचें टोंक ज्योतीजवळ धरून वितळविलें म्हणजे त्याचा चकचकीत मणि होतो, ते डोळे. पातळ पारदर्शक पटलाचे पंख कापून त्यांवर शिरा रेखतात. एकेका नकलेस कित्येक तास लागतात. भिंग लावूनही खरा कीटक कोणता व बांधलेला कोणता, हें सांगतां येऊं नये, इतकी ती साधते. परंतु पाण्यांत? तेथें असे कीटक पुष्कळदां हार खातात. पाय ताठ, पंख ताठ. प्रवाहांत वळतांना त्यांत प्राण दिसत नाहीं, आणि सशाच्या लवेचा एक विस्कटलेला गोळा, जो धड कशासारखाही नाहीं, त्यांच्यावर मात करतो. कारण त्याचे केंस पाण्यांत हालतात. कारागिरांपैकींही पुष्कळांस हें ठाऊक असतें, व ते आपल्या नकला कांचेच्या पेटींतच ठेवतात. इंग्लंडमधील ऑलिव्हर एडवर्ड्‌स यांच्यासारख्या थोड्यांनीं मात्र हुबेहूबपणा आणि हालचाल या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न केला आहे. चैत्रगौरीच्या आरासींत मांडलेलीं मातीचीं फळें कोणी खात नाहीं म्हणून तीं करणाऱ्याचा हात कमी दर्जाचा ठरत नाहीं. पण त्यानें आंब्याविषयीं आपणांस सर्व कळलें असेंही समजूं नये.

या कांचेच्या पेटींत आमच्या सह्याद्रीचाही अंश आहे. आपल्या घाटांतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या टोंकाशीं मेणाच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. हे ठिपके माशी बांधणाऱ्यांस इतके आवडत कीं हें पीस इंग्लंडांत मोठ्या प्रमाणावर जाई. १९०२ सालीं हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांच्या कातड्यांची व पिसांची निर्यात बंद केली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा पक्षी मारणेंही गुन्हा ठरलें. आज बाजारांत मिळणारें पीस बहुतेक परदेशांत पाळून वाढविलेल्या पक्ष्यांचें असतें. या पिसाचा सर्वांत चतुर उपयोग अमेरिकेंतील व्हिन्सेंट मरिनारो यानें केला. पेनसिल्व्हेनियांतील लेटोर्ट नांवाच्या झऱ्यावर ट्राउट उन्हाळ्यांत दिसेनासें असें कांहीं तरी टिपीत असत; तो शोधूं लागला, तेव्हां ते गवतांतून पाण्यांत पडणारे तुडतुडे निघाले. आमच्या कोंकणांतील बागवाल्यांस आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा चांगलाच ठाऊक आहे. हा त्याच कुळांतला. मरिनारोनें रानकोंबड्याचा एक ठिपका गळाच्या पाठीवर आडवा बसविला, बस्स. खालून पाहणाऱ्यास एक लहान गडद अंडाकृति. माशास तेवढें पुरेसें होतें. १९५० सालच्या पुस्तकांत त्यानें ही कृति दिली आहे.

पिसांच्या मोहाची दुसरी टोंकाची गोष्ट २००९ मधील. इंग्लंडांतील ट्रिंग येथील संग्रहालयांतून एका तरुण संगीत-विद्यार्थ्यानें २९९ पक्ष्यांचीं जतन केलेलीं कातडीं चोरलीं. तीं हवीं होतीं सामन माशासाठींच्या व्हिक्टोरियाकालीन रंगीबेरंगी माशा बांधण्यास. आणि गंमत अशी कीं या माशा कोणत्याच कीटकाची नक्कल नव्हेत! शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं शास्त्रज्ञांनीं अरण्यें तुडवून जमविलेले नमुने केवळ मनुष्याच्या डोळ्यास भुलविणाऱ्या नकलेपायीं गेले, आणि पुष्कळांच्या नोंदींच्या चिठ्या तुटल्यामुळें जे परत मिळाले त्यांतीलही कांहीं शास्त्राच्या उपयोगाचे राहिले नाहींत.

मूळ कीटकाची मात्र आज निराळीच चिंता पडली आहे. पाण्यांत उतरणारा बारीक गाळ आणि फॉस्फेट यांनीं निळ्या पंखाच्या ऑलिव्ह नांवाच्या एका मे-फ्लायचीं अंडीं मोठ्या प्रमाणावर मरतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. कीटकांची तूट प्रथम ध्यानांत आली ती गळवाल्यांच्याच. संध्याकाळीं ज्याची नक्कल करावयाची तोच येईनासा झाला, हें त्यांच्याखेरीज कोणास कळणार? २००४ पासून ब्रिटनमध्यें नदीच्या माश्यांसाठीं एक संयुक्त मंडळ काम करीत आहे, आणि त्याच्या पद्धतीप्रमाणें शिकलेले स्वयंसेवक, त्यांत पुष्कळ गळवालेच, आपापल्या ठरलेल्या जागीं वेळोवेळीं नदींत उतरतात. तीन मिनिटें पायानें तळ ढवळावयाचा, प्रवाहाच्या खालच्या बाजूस जाळें धरावयाचें, आणि जाळ्यांत आलेलें सारें पांढऱ्या तबकांत ओतून आठ गटांतील जीव मोजावयाचे. गुण ठराविक पातळीखालीं गेले कीं सरकारी खात्यास कळवितात. तबक पांढरेंच लागतें, कारण काळसर तबकावर निम्फ दिसत नाहींत. स्क्यूजची बशीही त्याचसाठीं पांढरी होती.